शेवटचा फर्मा

"आई, तू मला टाकून गेलीस! मी पोरकी झाले..."

तीन वर्षांची छकुली दुधाचा पेला हातात धरून इतकं स्वच्छ बोलली, की तिच्या आईच्या, वहिनीच्या, हातातला डबा ओट्यावर आपटला. सहा महिन्यांपूर्वी या पोरीला मोजून चार शब्द येत होते! पण वहिनी मुलीकडे बघतच नव्हती, ती बघत होती मुलीच्या आत्याकडे.

"हे कुणी शिकवलं हिला, वन्सं?"

"गोष्टीतलं आहे ते, वहिनी..."

"गोष्टीतलं! बरं सुचतं तुम्हाला."

दादा मालमोटारीवर, महिना महिना बाहेर. वहिनी कापड कारखान्यात दुहेरी पाळीला. "घरात हिच्याशी बोला, रोज वाचून दाखवा," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा आत्याने पुस्तकबांधणीच्या कारखान्यात चालून आलेली मुकादमी नाकारली आणि अर्ध्या दिवसाचं काम मागून घेतलं, तेही घरात अवाक्षर न बोलता! दुपारी चटईवर बसून ती वाचायची, पोर विचारायची, "हिरमुसली म्हणजे काय?", आणि आत्या खालचा ओठ काढून दाखवायची. त्या दुपारींवर तिचं अंतःकरण जगत होतं... आणि आता त्याच दुपारींवर पाळत बसली.

वहिनी वेळेआधी घरी येऊ लागली. चपला हातात घेऊन दाराशी उभी राही. आतून ऐकू येई "ताटातूट", "व्याकूळ", "परकी". मग पोरीला मांडीवर घेऊन लाडीगोडीने विचारी, "आत्या माझ्याबद्दल काय सांगते गं?"

"आत्या रडते," पोर म्हणे. झालं, आगीत तेल!

एका दुपारी वहिनी तडक आत आली. "पुरे झालं! मुलगी माझी आहे. उद्यापासून ती पाळणाघरात जाईल, आणि तुम्ही... तुम्ही तुमची सोय बघा."

आत्याने पिशवी भरली. निघताना तिने पुस्तक छकुलीजवळ ठेवलं. "एवढं राहू द्या, वहिनी. रोज नवा शब्द लागतो तिला."

वहिनीने पुस्तक झडप घालून उचललं आणि उभ्या उभ्या चाळलं. आईपासून चुकलेली छोटी खार... "तू मला टाकून गेलीस! मी पोरकी झाले..." आणि पुढे पानच नाही!

"शेवट कुठाय?"

"शेवटचा फर्मा, म्हणजे सोळा पानं, बांधायची राहून गेलीत. अशा प्रती रद्दीत जातात, त्यातली मागून आणली."

"अहो, मग आई भेटली असं मनाने सांगायचं की!"

"पुस्तकात नाहीच, ते कसं वाचू मी?" आत्या भाबडेपणाने म्हणाली. "रोज तिथेच थांबते... आणि तिथेच रडू येतं मला."

वहिनी मटकन चटईवर बसली. जिला खारीच्या गोष्टीचा शेवट रचता येत नाही, ती बाई माझ्याविरुद्ध काय रचणार होती!

तिने छकुलीला कुशीत घेतलं आणि नसलेलं पान वाचायला घेतलं. "मग खारीला तिची आई दिसली. आई कामाला गेली होती गं, टाकून नव्हती गेली..."

"आणि आत्या?"

वहिनीने हात लांबवून आत्याच्या हातातली पिशवी ओढून घेतली. "आत्याही तिथेच होती. तिनेच तर खारीला इतके दिवस जपलं."

"जपलं म्हणजे काय?"

वहिनीने नुसतं आत्याकडे बोट दाखवलं.