पिंपळाचा मेसेज

अनोळखी पोरगा गॅलरीत उकिडवा बसून तिच्या पिंपळाच्या पानाला चिमटा लावत होता! संघमित्राच्या हातात कपडे वाळत घालायची काठी होती. तीच तिने त्याच्या पाठीत टोचली.

"ए हिरो! झाड चोरतो काय?"

तो दचकून उठला तो थेट दोरीवरच्या ओल्या चादरीत. आतूनच बोलला, "मी विनीत... परळच्या झाडांच्या लॅबमधून. राकेशदादांनी पाठवलंय."

राकेशदादा म्हणजे विहाराच्या कमिटीतला. बुद्धपौर्णिमेला विहारापुढे लावायचं हे रोप त्यानेच संघमित्राकडे सोपवलं होतं. नववीत शाळा सोडलेल्या पोरीवर करी रोडच्या त्या चाळीत पहिल्यांदाच कुणी भरवसा टाकलेला. आणि रोप पिवळं पडत चाललेलं. मेलं तर चाळ काय बोलणार, ते तिला पाठ होतं.

चादरीतून एक डोळा बाहेर आला. तिच्याकडे बघतच राहिला...

"बघतो काय? काम कर!"

चिमटा पानातले सिग्नल वाचायचा, मातीत खुपसलेली काडी ओलावा. झाडाला त्रास झाला रे झाला, की संघमित्राच्या मोबाईलवर मेसेज. पहिलाच मेसेज वाचून ती उडाली. पाणी जास्त!

"मशीन फालतू आहे तुझं. मी एकच तांब्या घालते."

"मग... बसून बघूया?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं दाराआड. खांदा लागू नये म्हणून विनीत श्वास धरून बसलेला.

शेजारच्या रमाबाई आल्या, हात जोडले, तांब्या ओतून गेल्या. मागून राकेशदादा, बाटलीतून. मग कोंडीराम आजोबा... जो तो गुपचूप आपली श्रद्धा ओतत होता!

"आयला," संघमित्राचा आ वासलेला, "अख्खा मजला बुडवतोय ह्याला!"

तिने दारोदार जाऊन सगळ्यांना झापलं. विनीतने सडकी मुळं कापली, माती बदलली. थोड्याच दिवसांत लालसर, कोवळं पान फुटलं.

तरी संध्याकाळी मोबाईल बोंबलायचाच. पाणी जास्त! ती घाबरून फोन लावायची, तो धावत यायचा, चहा पिऊन जायचा.

एका संध्याकाळी ती झाडू घेऊन दाराआड दबा धरून बसली. आज एकेकाला दाखवतेच!

आला... विनीत. त्याने मातीतून काडी उपसली आणि आपल्या पाण्याच्या बाटलीत बुडवली. तिचा मोबाईल किंचाळला.

तिच्या हातातला झाडूच गळून पडला. "तू?"

"झाडाला थेंब लागू दिला नाही, शप्पथ! फक्त काडी..."

"पण का?"

"रोप बरं झालं ना. मग तू मला बोलावणार कशाला?"

"झोप उडाली माझी, माहितीये? वाटलं, परत माझ्याच हातून..."

विनीतचा चेहरा पडला. "हे... हे डोक्यातच आलं नाही माझ्या. सॉरी. लॅबमध्ये पण खरं सांगतो." तो खाली मान घालून चिमटा काढायला लागला.

"थांब." तिने त्याचं मनगट पकडलं आणि ओढतच दारात नेलं. "आई!"

आई भजी तळत होती.

"हा विनीत."

"माहितीये की. रोपवाला."

"आज रोपासाठी नाही आलाय."

आईचा झारा कढईवर तसाच थांबला. विनीत तर एवढा हादरला, की चपलांसकट घरात शिरला.

आईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग लेकीने धरलेलं मनगट बघितलं.

"चपला काढ आधी," ती म्हणाली, "मग बस."