बेशरमची काडी

पितांबरच्या परसदारी नाला आणि नाल्याकाठी बेशरमचं रान. नावाला जागणारी जात! काडी उलटी रोवली तरी फुटते, गुरंही तोंड लावत नाहीत. शिंदखेड्याच्या वाटेवर सगळीकडे तीच, म्हणून तिच्याकडे कुणी बघतही नसे.

गेल्या पावसाळ्यात धाकटा भाऊ चुडामण वासरू सोडवायला नाल्यात उतरला आणि पुरात गेला. देह सापडला नाही. अशा वेळी पळसाच्या काड्यांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. पण पळस पार सातपुड्याच्या पायथ्याला, आणि रस्ते पाण्याखाली. इकडे माय मागल्या दारात बसून चुडामणला हाका मारायची, त्या पितांबरला ऐकवत नव्हत्या. काडी ती काडी, म्हणत त्यानं बेशरम तोडली, पुतळा बांधला, कमरेला चुडामणचा जुना करदोडा बांधला. करदोडा त्याच्या डोळ्यांदेखत जळाला. ओल्या काड्या मात्र धुमसत राहिल्या. अर्धवट जळालेल्या त्यानं नाल्यात लोटल्या.

दिवाळीनंतर बेशरम घराकडे सरकू लागली. तिच्यातलं एक खोड सगळ्यांच्या पुढे. पितांबर ते कापायचा; सकाळी ते आणखी अलीकडे उभं असायचं. मायच्या हाका थांबल्या. ती मागल्या दारात एक जास्तीची भाकर ठेवू लागली.

"माय, कोनी नही शे तठे."

"चुडामण परत उना शे. तू कापस, त्याले लागस."

भाऊ गेला, आता मायही हातची जाणार, या धास्तीनं पितांबरची झोप उडाली. एके संध्याकाळी त्यानं रागारागानं विळा उगारला, तर खोडात कमरेइतक्या उंचीवर काहीतरी रुतलेलं दिसलं. त्यानं साल सोलली. पांढरा चीक ओघळला. आत काळा करदोडा. दुहेरी गाठ, त्यानंच मारलेली.

पुतळा पुन्हा करायचा आणि नीट जाळायचा, त्यानं ठरवलं.

उजाडताच तो मोटारसायकल काढून सातपुड्याकडे निघाला. या वेळी काडी न् काडी पळसाची. दिवेलागणीला परतला, तर मागलं दार सताड उघडं.

"माय?"

भाकरीचं ताट रिकामं होतं.

परसात बेशरम उरली नव्हती. सगळी मागे सरून नाल्याला जाऊन भिडली होती. तिच्यापुढे दोन खोडं, अगदी जवळजवळ. एक ओळखीचं. दुसरं बुटकं, वाकलेलं. काल ते नव्हतं.

पितांबरनं बुटक्या खोडाला हात लावला.

सालीत मायचं चांदीचं कडं होतं. त्यावर वर्षानुवर्षांची साल चढलेली.

काखेतल्या पळसाच्या काड्या एकापुरत्याच होत्या.