‘रणधीर’वरचा दोन नंबरचा बॉयलर

चिंचवडच्या आमच्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायची ठरली. उद्धवरावांची नौदलातली नोकरी लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी दुपारी मी वही घेऊन गेलो. त्यांची सून स्वरूपा चहा ठेवून आत गेली. ऐंशी वर्षांचे उद्धवराव खिडकीपाशी बसले होते.

"विनाशिका ‘रणधीर’," ते म्हणाले. "आधी इंग्रजांची. त्येंच्या लढाईत टॉर्पेडो लागला, दोन नंबरच्या बॉयलरखोलीत पाणी घुसलं. जहाज वाचवायला त्या खोलीचं लोखंडी झाकण वरून लावलं. आत नऊ माणसं हुती. पुढं डागडुजी करून ती आपल्या नौदलाकडं आली. मी एकोणिसाव्या वर्षी त्याच खोलीत लागलो."

मी लिहीत होतो.

"तिथं घामानं भिजायचो आमी. पण मधेच मानेवर गार श्वास लागायचा... खारट वास यायचा. जुने खलाशी म्हणायचे, मागं बघू नका. ते काही करत न्हाईत."

"तुम्ही पाहिलंत कधी?"

"न्हाई. एकोणसत्तर साली भर समुद्रात तेलाची नळी फुटली. आग लागली. मी शिडीनं वर आलो. भीमराज, राजगुरुनगरचा माझा दोस्त, चार पायऱ्या खाली हुता. हुकूम आला, झाकण लाव. मी लावलं."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"सगळ्यांना सांगितलं, तो आधीच गुदमरला हुता. खोटं हाय ते. त्यानं मला हाक मारली... दोनदा. मग खाली कुणीतरी त्याच्याशी बोलाय लागलं. इंग्रजीत. हळू, लेकराला निजवावं तसं. त्याला इंग्रजी येत नव्हतं. पण तो शांत झाला."

"काका, हे स्मरणिकेत छापायचं?"

"छापा. त्याची बहीण दुर्गाबाई पंचावन्न वर्षं मला राखी बांधतीय. माझ्या तोंडून निघालं न्हाई. तिला वाचू द्या."

स्वरूपा केव्हाची दारात उभी होती. "वाचून नको, आबा," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा. मी येते बरोबर."

पुढच्या रविवारी मी दोघांना गाडीतून राजगुरुनगरला नेलं. दुर्गाबाईंनी सगळं ऐकलं. ओसरीवरचं ऊन सरकत भिंतीपर्यंत गेलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं,

"झाकण उघडलं तवा... कसा दिसत हुता माझा भाऊ?"

"झोपल्यावानी. कुठं भाजलेलं न्हाई. अंगावर इंग्रजांच्या नौदलाचा जुना कोट, पाण्यानं निथळत हुता." उद्धवराव म्हणाले. "कोटात कुणी नव्हतं, बाई. पण त्या बाह्यांनी त्याला मागनं कवळलं हुतं... सोडवाय आमी चौघं लागलो."