कलम अकरा : जवळचं नातं

मासिकाच्या खोलीचं दार उघडं दिसलं तेव्हा मला आधी राग आला आणि मग जरा बरंच वाटलं. राग अशासाठी, की प्राचार्यांनी दिलेली किल्ली माझ्या एकटीच्या पर्समध्ये होती. बरं अशासाठी, की आत चोर असेल तर त्याच्याशी भांडायला मी पूर्ण तयारीत होते.

आत चोर नव्हता. संपादकाची खुर्ची उलटी करून, तिच्या चार पायांमध्ये एक मुलगा फरशीवर मांडी घालून बसला होता. हातात हातोडी, ओठांत एक खिळा.

"कोण आहे?"

"हं," तो म्हणाला. ओठांत खिळा असताना माणूस एवढंच म्हणू शकतो. मग त्याने खिळा काढला. "मागचा पाय डुगडुगतोय. पाचर मारली की बसेल. दोन मिनिटं."

"आणि कुलूप कसं उघडलं?"

"ते ओढलं की उघडतं. सगळ्या कॉलेजला माहीत आहे... प्राचार्य सोडून." त्याने मान वर केली. खिडकीतलं तीन वाजताचं ऊन त्याच्या डोळ्यांवर आलं आणि त्याने ते किलकिले केले. "तू कलमबाई ना?"

"आणि तू पाचर."

नावापेक्षा आम्ही एकमेकांच्या अपकीर्तीलाच जास्त ओळखत होतो. माझे बाबा कोर्टात कारकून, मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला, कँटीनमध्ये बाकावरून भांडण झालं तरी मी म्हणायचे, "आधी नियम काय तो ठरवा." म्हणून कलमबाई. त्याच्या वडिलांचा फर्निचरचा कारखाना होता, आणि प्रत्येक सभेत सगळं सुरळीत चाललेलं असताना हा मागून उठून असा प्रश्न विचारायचा, की सभाच अडकायची. म्हणून पाचर.

'हरकत' हे आमचं विद्यार्थ्यांनी चालवलेलं राजकारणावरचं मासिक. नऊ वर्षं ते कुठल्याही नियमाशिवाय चाललं होतं. जो मोठ्याने बोलेल तो संपादक! गेल्या वर्षी मात्र संपादकाचा मावसभाऊ विद्यार्थी संघाच्या निवडणुकीला उभा राहिला, आणि संपादकाने त्याचा हसरा फोटो मुखपृष्ठावर छापला. त्याच अंकात त्या मावसभावाला तीन अवघड प्रश्न विचारणारा एक लेख यायचा होता. तो छापखान्यातून ऐनवेळी काढून टाकला गेला. लिहिणाऱ्याला कुणी साधं कळवलंही नाही. त्याच्या जागी धावण्याच्या शर्यतीचे निकाल आले. मग अंक फाडले गेले, जिन्यात धक्काबुक्की झाली, आणि प्राचार्यांनी खोलीला कुलूप ठोकलं. लेखी नियम करा, पदाधिकाऱ्यांची कामं ठरवा, सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश मतांनी मंजूर करून घ्या. तेही सत्र संपायच्या आत. नाहीतर 'हरकत' कायमचं बंद.

नियम समितीत सात जण होते. परीक्षा, कंटाळा आणि आपसातला अबोला यांत पाच गळाले. उरले मी आणि खुर्चीखाली बसलेला हा. काढून टाकलेला लेख त्याचाच होता.

"बस," त्याने खुर्ची सरळ करून माझ्यापुढे ठेवली. "पडलीस तर समिती एकट्याचीच."

मी बसले. खुर्ची तसूभरही हलली नाही.

पुढचे तीन आठवडे आम्ही रोज तीन वाजता भेटलो, आणि रोज भांडलो. माझ्या पहिल्याच मसुद्यातल्या 'संपादकाचा निर्णय अंतिम राहील' या वाक्यावर त्याने आडवी रेघ मारली.

"अंतिम म्हणजे? त्यानंतर काय, श्राद्ध?"

"कुणीतरी ठरवायला नको? सगळ्यांना विचारत बसलं तर जूनचा अंक दिवाळीत निघेल."

"ठरवू दे ना. पण लेख नाकारला तर दोन दिवसांत लेखकाला लेखी कारण द्यायचं."

"प्रत्येकाला? संपादकाने दुसरं काही करायचंच नाही?"

तो एरवी लगेच उलटून बोलायचा. त्या दिवशी तो पेन्सिलीशी खेळत राहिला. मग म्हणाला, "तो अंक आला ना, तेव्हा आईने न उघडताच शेजारी नेला होता. लेकाचं छापून आलंय, बघा म्हणून. शेजारच्या काकूंनी पानं उलटली... पुन्हा उलटली. आणि मग आई म्हणाली, बहुतेक पुढच्या महिन्यात असेल."

मी वही ओढली आणि कलम सात त्याने सांगितलं तसं, शब्दन् शब्द, लिहून घेतलं. लिहून झाल्यावर त्याने वहीवरचा खोडरबरचा चुरा हळूच फुंकून उडवला. एवढंच. पण माझ्या मनगटावर त्या फुंकरीचा गारवा बराच वेळ राहिला.

वाचकपाल हे पद त्याच्या डोक्यातून आलं. वाचकांच्या तक्रारी ऐकणारा, आणि संपादक चुकला तर पुढच्याच अंकात दुरुस्ती छापायला लावणारा. संपादकाला त्याला काढता येणार नाही, अशी तरतूद मी केली. मग आलं कलम अकरा. मावसभावाचं कलम.

"जवळचं नातं असलेल्या दोघांनी संपादक आणि वाचकपाल व्हायचं नाही," मी म्हणाले. "पण जवळचं म्हणजे काय, ते लिहायला हवं. रक्ताचं, लग्नाचं..."

"मैत्री?"

"मैत्री धरली तर अख्खं कॉलेज बाद होईल."

"मग मैत्रीच्या पुढचं."

"किती पुढचं?"

"ते तू सांग, कायदा तुझा." त्याने हनुवटी तळहातावर टेकली. "समजा, दोघं रोज एका टेबलाशी बसतात."

"ते काम झालं."

"काम संपलं तरी बसतात."

"तो आळस झाला."

"एक जण दुसऱ्याच्या पेन्सिलीला टोक करून ठेवतो."

"परोपकार."

"न मागता?"

बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. खिडकीच्या गजांवरून थेंब ओळीने उतरत होते आणि मी ते फार लक्ष देऊन मोजत होते. शेवटी मी लिहिलं: 'जवळचे नाते म्हणजे रक्ताचे, लग्नाचे, किंवा ज्यामुळे एकाला दुसऱ्याविरुद्ध निर्णय देणे जड जाईल असे कोणतेही.'

त्याने दोनदा वाचलं. "जड जाईल... हे कायद्याच्या भाषेत बसतं?"

"नाही."

"राहू दे. खरं आहे."

सभेला पाच दिवस उरले असताना तो एकदा आला नाही. कारखान्यात मोठी मागणी होती, वडिलांना हात हवा होता. तसा निरोपही होता. मी दोन तास एकटी बसले. त्या दोन तासांत मी एक स्वल्पविराम घातला आणि तोच पुन्हा खोडला. घरी जाताना मला आरशासारखं लख्ख कळलं — आपलं काय झालंय ते. मी घाबरले नाही. उलट जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले. अडचण एकच होती. संपादकपदासाठी माझा अर्ज गेला होता आणि वाचकपालपदासाठी त्याचा. दोन्ही अर्जांच्या मध्ये माझ्याच हस्ताक्षरातलं कलम अकरा उभं होतं.

सभा मोठ्या व्याख्यानगृहात भरली. एकशे चाळीस विद्यार्थी, अध्यक्षस्थानी राज्यशास्त्राचे सर. नियम एकेक करून वाचले गेले आणि एकशे बारा मतांनी मंजूर झाले. टाळ्या पडल्या. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे न पाहता उठला, सरांच्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली आणि परत जागेवर जाऊन बसला.

सरांनी चष्मा लावला. "वाचकपालपदाच्या उमेदवाराने माघार घेतली आहे." ते थांबले. "कारण दिलेलं नाही."

"वैयक्तिक आहे सर," तो म्हणाला.

"तसं चालणार नाही. आत्ताच मंजूर झालेलं कलम नऊ. माघार घेणाऱ्याने सभेला कारण सांगावं, म्हणजे कुणावर दबाव येणार नाही." सर चष्म्यावरून बघत होते. "हे कलम तुम्हीच सुचवलंत असं इथे टिपलंय."

सभा खदखदून हसली. आयुष्यात पहिल्यांदाच पाचर स्वतःच फटीत अडकला होता. तो उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल. तोंड उघडलं... मिटलं. एवढ्या सभा अडवणाऱ्या माणसाला एक वाक्य सापडेना.

मी उठले. "कारण मी सांगते, सर. कलम अकरा. संपादकपदाची उमेदवार मी आहे, आणि आमच्या दोघांत... त्या कलमात बसेल असं आहे. माझ्या बाजूने तरी नक्की. त्याच्या बाजूचं या चिठ्ठीवरून दिसतंय."

 मग असा गलका उठला की सरांना टेबल वाजवावं लागलं. गलका ओसरताच मागच्या रांगेतून पहिल्या वर्षाची एक चष्मेवाली उभी राहिली. आवाज थरथरत होता, पण प्रश्न नव्हता थरथरत.

"सर, माघार त्यांनीच का घ्यायची? कलमात तर दोघांपैकी एक असं आहे. त्यांनी का नाही घ्यायची?" तिने बोट माझ्याकडे रोखलं.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "ते आम्ही ठरवलेलंच नाही. दहा मिनिटं द्याल, सर?"

"दहा," सर म्हणाले. "अकरा नाही."

व्हरांड्यात पाण्याच्या टाकीपाशी मी त्याला गाठलं.

"मला न विचारता माघार?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"माघारीला ना? आणि दुसऱ्याला?"

"दुसरं मी विचारलंच कुठे?"

"तेच तर म्हणतेय!"

तो हसला. मग हसू ओसरलं आणि तो अगदी सरळ माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या बाहीला लाकडाचा भुसा होता. मला तो झटकावासा वाटला... आणि मी झटकला.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी दारातून खेकसलीस ना, तेव्हापासूनच. तुझ्या चुकीवर बोट ठेवायला मला खरंच जड जाईल."

"मला तुझ्या चुकीवर ठेवायला काही जड जाणार नाही. तुझा चौथा परिच्छेद नेहमी लांबतो."

"आणि?"

"आणि तू मला आवडतोस. ते वेगळं, हे वेगळं." मी एक श्वास घेतला. "आता ऐक. मला संपादक व्हायचंय. मनापासून. तुझ्यासाठी सोडते वगैरे मी म्हणणार नाही. त्यागबिग मला शोभत नाही, आणि नंतर मी तो रोज ऐकवत बसेन. पण तुलाही वाचकपाल व्हायचंच असेल तर आत्ता सांग. मग आपण सभेलाच निवडू देऊ."

त्याने लगेच उत्तर दिलं नाही, आणि ते मला आवडलं. तो खरोखर विचार करत होता.

"ते पद नियमांत असावं, एवढंच मला हवं होतं," तो म्हणाला. "मीच त्यावर बसलं पाहिजे असं काही नाही. मला लिहायचंय गं. ते तीन प्रश्न अजून तसेच आहेत माझ्याकडे."

"तुझे लेख मी हातात घेणार नाही. उपसंपादक बघेल. नाकारायचे तर तोच नाकारेल."

"छापल्यावर तरी वाचशील?"

"दोनदा."

आत जाऊन त्याने सभेला कारण सांगितलं. या वेळी एका दमात, मान ताठ ठेवून. मतदान झालं. समोर गेल्या वर्षीचा उपसंपादक होता, बोलण्यात पटाईत. मी चौदा मतांनी निवडून आले. ज्यांनी मला मत दिलं नाही त्यांच्यापैकी काहींनी ते या जाहीर कबुलीमुळेच दिलं नाही, असं तोंडावर सांगितलं. मी ऐकून घेतलं. त्यांनाही अंक वाचायला द्यायचाच होता.

वाचकपालाची जागा रिकामी राहिली होती. सरांनी सभेतून नावं मागितली, आणि मी काही बोलायच्या आत पाचर उभा राहिला व त्याने चष्मेवालीचं नाव सुचवलं. तिला कुणी विरोधच केला नाही. बाहेर पडताना तिने मला दारात गाठलं. "ताई, फलकावर 'सर्वसाधारण' चुकीचं लिहिलंय. पहिली तक्रार समजा." मला तिची भीतीच वाटली, आणि 'हरकत'बद्दल एकदम निर्धास्तही वाटलं.

संध्याकाळचा रस्ता नुकताच धुतल्यासारखा दिसत होता. दुकानांचे दिवे लागत होते. तो माझ्या डावीकडून चालत होता, कोपऱ्यापर्यंत अंतर राखून, कोपऱ्यानंतर नाही. त्याच्या तळहाताला हातोडीचे घट्टे होते. माझी बोटं त्या हातात अलगद बसली.

दुसऱ्या हाताने मी घरी फोन लावला. आई दवाखान्यातली ड्युटी संपवून नुकतीच आली होती.

"आई, निवडून आले!"

"येणारच होतीस. आणि?"

"आणि काय?"

"तुझ्या आवाजात अजून काहीतरी आहे."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खुणेने 'नको, नको' करत होता, आणि हात मात्र सोडत नव्हता.

"आज जेवायला कुणाला तरी घेऊन येतेय," मी म्हणाले. "घाबरू नकोस. न घाबरता माझ्याशी भांडणारा एक माणूस सापडलाय."

पलीकडे बाबांना काहीतरी सांगितल्याची कुजबुज. मग आईचा मोकळा, खळखळून हसण्याचा आवाज.

"बरं झालं बाई! एकवीस वर्षं हे काम मी एकटी करतेय. लवकर घेऊन ये त्याला."