अर्धाच सांगितलेला खर्च

घर विकायला आलेला माणूसच घराची बदनामी करायला लागला, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

किहीमला नीराबाईंचं कौलारू घर बघायला मी गेले होते. एकीकडे हे, दुसरीकडे अलिबागचा फ्लॅट. किंमत जवळपास सारखीच. बाबांच्या पश्चात आम्हा मायलेकींकडे उरलेली पुंजी एवढीच; निवड चुकली तर दुसरी संधी नाही. एजंट निकेश अंगणात आधीच उभा होता. डोळ्यांत हसू... आणि तोंडाने नुसती रडगाणी!

“दरवर्षी पावसाआधी शाकारणी, मृणालमॅडम. कौलं परतायची, फुटलेली बदलायची. पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचे झाप बांधायचे. खाऱ्या वाऱ्याने ग्रील गंजतात ते वेगळंच...”

“आणि फ्लॅट?”

“फ्लॅटला काय... कुलूप लावलं की झालं!”

नीराबाई ओटीवरून कडाडल्या, “निकेश, माझं घर विकाया आलास का मोडाया?”

तो माझ्याकडे बघून हसला. मी बघितलंच नाही. म्हणजे... बघितलं, पण रागाने. तेवढ्यात पावसाची सर आली. त्याने छत्री माझ्यावर धरली, स्वतः भिजत राहिला. फ्लॅटच्या बिल्डरकडून कमिशन बरंच मोठं मिळत असणार, मी मनाशी म्हटलं.

रविवारी त्याला न सांगताच मी फ्लॅटवर गेले. तिथल्या शेजारच्या प्रणालीवहिनींनी चावी दिली आणि सहज बोलून गेल्या, “लिफ्टचा मेंटेनन्स, गच्चीची गळती, मे महिन्यात टँकर, चार-पाच वर्षांनी बाहेरून रंग... सगळ्याला वर्गणी गो. कोणी सांगितलं न्हाय तुला?”

नाही सांगितलं! दात-ओठ खात मी गॅलरीत आले, तर समोरच्या अंगणात एक बाई हाक मारत होत्या, “निकेश, ये रे जेवायला, कालवण निवतंय!”

खांद्यावर टॉवेल टाकून तो बाहेर आला, वर बघितलं... आणि जागीच थिजला. मी तरातरा खाली उतरले.

“बिल्डर किती देतो तुम्हाला?”

“काहीच नाही. किहीमचे मिळाले असते... तेही घालवत होतो.”

“मग किहीमचा खर्च खोटा?”

“अगदी खरा. फक्त—” त्याने मान खाली घातली, “फ्लॅटचा अर्धाच सांगितला. वाटलं, तुम्ही इथे राहायला आलात तर... रोज दिसाल.”

मला संताप आला. आणि खरं सांगते, त्याच वेळी गुदगुल्याही झाल्या. त्याचा आणखीच संताप आला.

“आमची सगळी पुंजी होती, निकेश!”

“चुकलंच माझं. वीस वर्षांचं धरलंत तर किहीमच परवडेल. जमीन तुमच्या नावावर राहते, फ्लॅटची इमारत मात्र जुनी होत जाते.”

“मग किहीमच घेणार. खोटं बोलणाऱ्याच्या दारासमोर मला राहायचं नाही.”

त्याचा चेहरा पडला. “बरोबर आहे,” तो पुटपुटला.

“रोज बघायचं असेल, तर रोज तू किहीमला यायचं. मी का यावं?”

मी त्याला ‘तू’ म्हटलं, हे आधी त्याला कळलं, मग मला.

“येईन,” तो कसाबसा म्हणाला. “पण... तुझ्या आईला काय सांगायचं?”

“मी कालच सांगितलंय. एजंट लबाड दिसतो, पण मला आवडलाय.”