राहीबाईच्या खुंट्या

मेच्या अखेरीस मुळशी जलाशयाची पातळी उतरते आणि शंभर वर्षांपूर्वी बुडालेल्या गावांचे तळ उघडे पडतात. तेथील गाळाची जाडी मोजणे हे माझे काम. पाणी गुडघाभर असतानाच मी होडीतून, उपग्रहाच्या नकाशावरून, बारा लाल खुंट्या सरळ रेषेत रोवल्या. आठ दिवसांनी पाणी ओसरले. माझी विद्यार्थिनी गौतमी उपकरण पाठीवर घेऊन त्या खुंट्यांच्या कडेने जाणार होती.

सकाळी मी पोहोचलो तेव्हा ती आधीच खुंट्यांच्या कडेने पलीकडे जाऊन हात हलवत होती. रेषा मात्र सरळ नव्हती. सात खुंट्या पाच फूट डावीकडे सरकून वळणाने गेल्या होत्या. चिखलात गौतमीच्या पावलांखेरीज एकही ठसा नव्हता.

"भिवाजी, हे तुम्ही केलंत?"

भिवाजी माले गावचे, आमचे नावाडी. "म्या कशापायी करू? आमच्या पणजीचं काम हाय त्ये. राहीबाईचं."

इंग्रजी अमलात धरणाची आखणी झाली, तेव्हा ही बाई रोज पहाटे मोजणीच्या खुंट्या उपटत असे. धरणाविरुद्धच्या सत्याग्रहात सहा महिने येरवड्याला गेली. सत्याग्रहींच्या एकाही यादीत तिचे नाव नाही. मी नंतर शोधले.

"जेलात बी सायबाच्या बागंतल्या खुंट्या उपटल्या म्हनं," भिवाजी हसले. "पर भोक मोकळं न्हाई ठिवायची. भाताचं चार दाणं टाकायची. भुईची जखम उघडी ठिवू न्हाई, म्हनायची."

नेहमीप्रमाणे चिखलावर फळी टाकून मी माझ्या मूळ रेषेवरच्या एका भोकात बोट घातले. आत भाताचे दाणे होते. ओल्या गाळात पूर्ण कोरडे.

"उंदीर," मी म्हणालो.

"व्हय. पाण्याखालचं उंदीर."

शेजारी बारा फुटी लोखंडी सळई टेकवली. ती स्वतःच्या वजनाने आत गेली.

पूर्ण गेली.

गौतमीच्या वाटेवर दुसरी सळई फूटभरावर दगडाला लागली. खाली बुडालेल्या गावाचा फरसबंद रस्ता होता.

भिवाजी हसायचे थांबले.

काम संपल्यावर मी खुंट्या काढल्या आणि भिवाजींकडून मूठभर भात मागून प्रत्येक भोकात चार दाणे टाकले. याचे स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कृतज्ञता आहे.

आता त्या रस्त्यावर तीस फूट पाणी आहे. काल अहवाल पूर्ण झाला. आभाराच्या पानावर पहिले नाव लिहिले: राहीबाई, सत्याग्रही, माले. मग कार्यालयातले कुलूपबंद कपाट उघडले. बारा लाल खुंट्या होत्या. शेजारी आणखी एक होती, सागाची, जुनी, बिनरंगी.

तिच्या टोकाचा गाळ अजून ओला होता.