आत दुमडलेलं पोलाद

सन २०६८. पश्चिमेकडच्या एका देशातून समुद्रतळावरून थेट रत्नागिरीपर्यंत येणारी वायुवाहिनी (वायू वाहून नेणारी नळी) एका मंगळवारी सकाळी अचानक फुटली. खतांचे कारखाने थांबले. वायूचा भाव दोन दिवसांत दुप्पट झाला. चाळीस वर्षं टिकेल अशी नळी सहाव्याच वर्षी फुटली कशी?

हे शोधायचं काम धातुतज्ज्ञ डॉ. नफीसा परकार यांच्याकडे आलं. त्यांची बारा वर्षांची भाची रुमाना सुट्टीत खालाकडे, म्हणजे मावशीकडे आली होती. ती दिवसभर प्रयोगशाळेतच ठाण मांडून बसे.

तिसऱ्या दिवशी ‘कासव’ या पाणबुड्या यंत्रमानवाने बाराशे मीटर खोलीवरून चित्रं पाठवली.

“पोलादाच्या कडा कुठे वळल्यात बघ,” खाला म्हणाली.

“आत.”

“आणि वायूच्या दाबाने नळी फुटली असती तर?”

रुमाना पडद्याजवळ वाकली. “तर बाहेर फाटली असती, फुग्यासारखी! म्हणजे धक्का बाहेरून बसला. खाला, कुणीतरी स्फोट केलाय!”

“हो. हा घातपात (मुद्दाम केलेला विध्वंस) आहे.”

तेवढ्यात मंत्रालयातून फोन आला. नळी ज्या तिसऱ्या देशाच्या सागरी हद्दीतून येत होती, त्याने नुकतंच पारगमन शुल्क (आपल्या हद्दीतून माल जाऊ देण्याचा मोबदला) वाढवून मागितलं होतं आणि ते नाकारलं गेलं होतं.

“मॅडम, अहवालात त्या देशाचं नाव घाला. आरमार सज्ज आहे.”

“नावाचा पुरावा माझ्याकडे नाही, साहेब.”

“मग हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल.”

“जरूर द्या. पोलाद त्यांनाही हेच सांगेल.”

खालाने फोन ठेवला. रुमानाने सगळं ऐकलं होतं.

“पण फायदा तर त्याच देशाचा ना? आता दुरुस्तीसाठी आपल्याला त्यांचं वाढीव शुल्क मान्य करावं लागेल!” तिने विचारलं.

“एकट्यांचा नाही. जहाज उद्या दुसऱ्या बंदरात नेता येतं, नळी वळवता येत नाही. नळी विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वर्षानुवर्षं एकमेकांशी बांधून ठेवते. ती तुटली, की जहाजाने वायू विकणाऱ्यांना चढा भाव मिळतो. विकणाऱ्या देशाशी आपली मैत्री ज्यांना खुपते, ते खूश होतात. खुद्द विक्रेताही जुन्या स्वस्त करारातून सुटू शकतो.”

रुमानाने बोटांवर मोजलं. “म्हणजे चौघांकडे कारण आहे. मग कारण म्हणजे पुरावा नव्हे!”

“शाब्बास! आणि चुकीचं नाव लिहिलं, तर उद्या युद्ध होईल.”

खालाने अहवालात एवढंच लिहिलं: स्फोट बाहेरून झाला, कोणी केला ते अजून माहीत नाही, तिन्ही देशांनी मिळून तपास करावा. वृत्तवाहिन्यांनी तिला भित्री म्हटलं. आठवडाभर ती नीट जेवली नाही. पण तो अहवाल इतर दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांनी वाचला, तपासला आणि मान्य केला. आरमार बंदरातच राहिलं.

महिन्याभराने संयुक्त तपास पथक रत्नागिरीला उतरलं. त्यात संशयित देशाचे एक वयस्कर अभियंताही होते.

“तुम्ही आमचं नाव सहज लिहू शकला असता,” ते खालाला म्हणाले.

“पुरावा मिळाला तर अजूनही लिहीन.”

“लिहाच,” ते म्हणाले, “आणि खाली माझीही सही घ्या.”

मग त्यांनी बाह्या सरसावल्या आणि समुद्रातून वर काढलेल्या त्या पोलादाभोवती तिन्ही देशांची माणसं एकत्र वाकली. रुमानाही त्यांच्यात होती.